तारेची वाट आणि कष्टकऱ्यांची बातमी

आपल्या मराठी दैनिकाचे परदेशच्या बातम्यांचे पान उघडावे आणि मजकुराच्या आरंभी पाहावे. गावाचे नाव असते, तारीख असते, आणि शेजारी बारीक टायपात एक शब्द असतो : 'वृत्तसंस्था'. आपण तो शब्द ओलांडून पुढे जातो. त्याच दिवशीचे गुजराती पत्र घ्या, कानडी घ्या, इंग्रजी घ्या. बातमी तीच, आकडे तेच, वाक्यांचा क्रमही बहुधा तोच. लंडन, नैरोबी, ब्यूनॉस आयर्स येथेही त्या दिवशी तीच बातमी लोक वाचत असतात. वाचणाऱ्याच्या मनावर असा ठसा उमटतो की, साऱ्या जगाने पाहिले म्हणून साऱ्या जगाने छापले. वस्तुतः पाहणारा एक असतो, फार तर दोन-तीन. छापणारे हजार असतात. हजार साक्षीदार उभे राहिले असे आपल्याला वाटते, आणि प्रत्यक्षात एकाच साक्षीदाराच्या जबानीच्या त्या हजार नकला असतात. कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या आमच्यासारख्यांना जबानी आणि नक्कल यांतला फरक लवकर कळतो. म्हणून या नकला निघू कशा लागल्या, त्या कोणी काढल्या, कोणाच्या पैशाने काढल्या आणि त्यांत कष्टकऱ्यांची बातमी कधी आली व कधी आली नाही, याचा थोडा इतिहास आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

प्रथम तारेपूर्वीचा काळ डोळ्यांपुढे आणावा. १० मे १८५७ रोजी मेरठच्या छावणीत उठाव झाला. ती वार्ता लंडनच्या वाचकाला कळली जूनच्या अखेरीस, म्हणजे दीड महिन्याहून अधिक काळ लोटल्यावर. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला. अटलांटिकपलीकडे ही बातमी पोचायला सुमारे बारा दिवस गेले. बातमी बोटीच्या वेगाने चालत असे, आणि बोट व्यापाऱ्याची असे.

बातमीचा धंदा म्हणून पाया घातला तो पॅरिसमध्ये. शार्ल हावास या गृहस्थाने १८३५ मध्ये तेथे कचेरी काढली. परदेशी वर्तमानपत्रे मागवायची, त्यांतील मजकुराची भाषांतरे करायची आणि ती गिऱ्हाइकांना विकायची, हा त्याचा व्यवसाय. त्याच्या हाताखाली दोन जर्मन माणसे काही काळ राबून गेली. एकाचे नाव बर्नहार्ट वोल्फ. त्याने १८४९ मध्ये बर्लिनला स्वतःची तारसंस्था काढली. दुसऱ्याचे नाव पॉल ज्यूलियस रॉयटर. १८५० मध्ये जर्मनीतील आखेन आणि बेल्जममधील ब्रुसेल्स या दोन शहरांच्या मध्ये तार नव्हती. तेवढ्या तुटलेल्या अंतरात रॉयटरने कबुतरे उडवली आणि बाजारभाव आगगाडीच्या आधी पोचवले. पुढे तार जोडली गेली, कबुतरे निकामी झाली. तेव्हा हा माणूस १८५१ मध्ये लंडनला गेला आणि शेअरबाजाराजवळ त्याने दोन खोल्या घेतल्या. त्याच वर्षी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्राच्या तळातून तार पडली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लंडनमधील वर्तमानपत्रांनी रॉयटरच्या तारा घ्यायला आरंभ केला तो १८५८ मध्ये. तोपर्यंतची सात वर्षे त्याची गिऱ्हाइके होती दलाल, सावकार आणि व्यापारी. म्हणजे ज्या यंत्रणेतून आज आपल्याला जगाची खबर मिळते, तिचा पहिला वाचक नागरिक नव्हताच. भाव चढणार की पडणार, एवढेच ज्याला हवे होते, त्याच्यासाठी ती जन्माला आली. जन्माचा हा गुण तिच्या अंगातून पुढेही पूर्णपणे गेला नाही.

मुंबईला या यंत्रणेची ओळख झाली ती कापसाच्या निमित्ताने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस लिव्हरपूलला जाईना, तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैसा मावेना. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर दसपट भावाने विकला गेला. प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघरी झाले. १८६५ च्या आरंभी इराणच्या आखातातून आणि तुर्की मुलखातून जाणाऱ्या तारेने हिंदुस्थान युरोपला जोडला गेला. वीस शब्दांच्या तारेला पाच पौंड, म्हणजे त्या वेळचे पन्नास रुपये पडत. गिरणीतल्या मजुराची ती कित्येक महिन्यांची मिळकत होती. इतके भाडे भरून कोण काय कळवणार? कापसाचा भाव! त्याच वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळले, आणि १८६५ च्या जुलैत मुंबईचा सारा सट्टा एका तडाख्यात बसला. बँक ऑफ बॉम्बेसारखी पेढीही त्यातून वाचली नाही. दुसऱ्याच वर्षी, १८६६ मध्ये, रॉयटरचा माणूस हेन्री कॉलिन्स मुंबईत उतरला आणि त्याने येथे कचेरी थाटली.

कापूस पिकवणारा वऱ्हाड-खानदेशातला कुणबी त्या तारांत कोठेच नव्हता. त्याचे नाव नाही, त्याच्या कर्जाचा आकडा नाही. परंतु तारेतून आलेला भाव त्याच्या दारापर्यंत गेला. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध शेतकरी उठले. त्या दंग्यांची कारणे शोधताना इतिहासकार या पडझडीचाही निर्देश करतात. ज्याची बातमी जात नाही, त्याच्यावर बातमीचा परिणाम होत नाही, असे कोणी समजू नये.

आता १८७० या सालाकडे वळू. या एका सालात दोन गोष्टी घडल्या. 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन समुद्रातून तार टाकली आणि लंडन-मुंबई हा सागरी तारमार्ग खुला झाला. दुसरी गोष्ट त्याआधी, १७ जानेवारी १८७० रोजी घडली. रॉयटर, हावास आणि वोल्फ या तिघांनी करार करून जग वाटून घेतले. ब्रिटिश साम्राज्य आणि अतिपूर्वेकडील देश रॉयटरचे. फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रेंच वसाहती हावासच्या. जर्मनी, उत्तर युरोप आणि रशिया वोल्फकडे. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत बातमी विकायची नाही. आपापल्या हद्दीतली बातमी गोळा करून एकमेकांना द्यायची. सावकारांनी गावे वाटून घ्यावीत आणि कुळाने दुसऱ्याच्या ओट्यावर पाऊल ठेवू नये, असाच हा मामला. १८९३ पर्यंत अमेरिकेतील असोसिएटेड प्रेसही या करारात सामील झाली होती. काही फेरबदल होत होत ही वाटणी १९३४ पर्यंत टिकली.

या वाटणीचा अर्थ काय, तो नीट समजून घेतला पाहिजे. पॅरिसमधल्या घटनेचे वृत्त हावासने लिहायचे, लंडनला रॉयटरने ते चाळायचे, त्यातले रॉयटरला योग्य वाटेल ते मुंबईला यायचे. मुंबईचे वृत्त पॅरिसला जायचे तर हीच वाट उलट्या दिशेने. आम्ही फ्रेंचांकडे इंग्रजांच्या खिडकीतून पाहत होतो आणि फ्रेंच आमच्याकडे त्याच खिडकीतून. असोसिएटेड प्रेसचे व्यवस्थापक केंट कूपर यांनी पुढे या व्यवस्थेवर एक पुस्तकच लिहिले. त्यांची तक्रार अशी होती की, रॉयटर अमेरिकेविषयी जगाला सांगते ते काय, तर तांबड्या इंडियनांच्या लढाया, दक्षिणेतले झुंडीचे खून आणि उत्तरेतले चमत्कारिक गुन्हे. अमेरिकेचे चांगले असे काही जगाला कळतच नाही! स्वतंत्र आणि श्रीमंत देशाची जर ही तक्रार, तर परतंत्र देशातल्या गिरणीत चौदा तास उभ्या राहणाऱ्या माणसाने कोणाकडे तक्रार करावी?

परंतु मजुराची बातमी मुळी परदेशी गेलीच नाही, असेही झालेले नाही. तिची कोणाला तरी गरज पडली की ती जाई. मुंबईच्या गिरण्या वाढू लागल्या, त्यांचे सूत लँकेशायरच्या सुताशी टक्कर देऊ लागले, तशी मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना मुंबईच्या मजुरांची एकाएकी कणव आली. मुंबईत कामाच्या तासांना मर्यादा नाही, पोरेबाळे राबवली जातात, सुटी नाही, ही वार्ता तिकडे मोठ्याने बोलली जाऊ लागली, पार्लमेंटपर्यंत गेली. १८७५ मध्ये मुंबईत चौकशी समिती बसली आणि १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झाला. बातमी अक्षरशः खरी होती. तिच्यामागचा कळवळा मात्र मालाच्या स्पर्धेचा होता. त्यामुळे आपल्याकडच्या गिरणीमालकांना छाती ठोकून सांगता आले की, हे सारे मँचेस्टरचे कारस्थान आहे. आणि कित्येक देशाभिमानी पत्रांनीही त्यांचीच री ओढली. खरी बातमी परक्याच्या हातून आली म्हणजे तिची अशी गत होते. हितशत्रू ती वापरतो आणि स्वकीय ती नाकारतो. मध्ये मजूर आहे तेथेच राहतो.

यावरचा उपाय नारायण मेघाजी लोखंडे यांना नेमका उमगला होता. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यास काढलेले 'दीनबंधु' पत्र लोखंडे यांनी १८८० मध्ये मुंबईस आणले आणि गिरण्यांतली हकीकत आमच्याच माणसांच्या तोंडून छापायला सुरुवात केली. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मजुरांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मँचेस्टरला काय हवे आणि मालकाला काय नको, हा प्रश्नच त्यांनी बाजूला सारला. मजूर स्वतः काय म्हणतो, ते त्यांनी कागदावर आणले. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. आज रविवारी सकाळी आपण निवांत वर्तमानपत्र वाचतो, त्या निवांतपणामागे एका मराठी पत्राचे आणि त्याच्या कर्त्याचे श्रम आहेत, हे विसरू नये.

तारही मजुराच्या उपयोगी पडू शकते, याचा दाखला त्याच सुमारास लंडनने दिला. ऑगस्ट १८८९ मध्ये तेथील गोदी कामगारांनी संप केला. मागणी साधी होती : तासाला पाच पेन्सऐवजी सहा पेन्स. महिना उलटत आला, घरातली भांडी मोडीत निघाली, संप मोडणार अशी चिन्हे दिसू लागली. १८७२ पासून ऑस्ट्रेलिया तारेने जोडला गेला होता. संपाची बातमी तारेने तेथे गेली, आणि तेथल्या गोदी कामगारांनी व इतरांनी वर्गणी जमवून तीही तारेनेच लंडनला रवाना केली. एकूण तीस हजार पौंडांहून अधिक रक्कम ऑस्ट्रेलियातून आली आणि संप जिंकला गेला. टपालाच्या बोटीला त्या काळी ऑस्ट्रेलिया गाठायला महिन्याहून अधिक लागे. बातमी बोटीने गेली असती, तर ती पोचेपर्यंत संप मोडून माणसे कामावर परतलेली असती. तीच तार, तेच दर, तीच कंपनी. फरक एवढाच की, त्या टोकाला बातमी वाचून खिशात हात घालणारा भाऊ होता.

आता आपल्या मुंबईकडे परत येऊ. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून गिरण्यांचे भोंगे वाजत राहिले आणि माणसे आत गेली नाहीत. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप. लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे पडली. त्या वेळी गिरणी कामगारांची आजच्यासारखी युनियन नव्हती, परदेशात त्यांचा प्रतिनिधी नव्हता. तरीही स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरी निर्वासित म्हणून राहणाऱ्या लेनिन यांनी ५ ऑगस्ट १९०८ च्या आपल्या रशियन पत्रात या शिक्षेवर आणि या संपावर लिहिले, आणि हिंदुस्थानातील कामगार राजकीय लढ्याला जागा झाला असा त्याचा अर्थ लावला. ज्यूरीतील हिंदी गृहस्थांनी टिळकांना निर्दोष ठरवले होते आणि गोऱ्यांच्या बहुमताने ते दोषी ठरले, हा तपशीलही त्यांच्याजवळ होता. तो लंडनच्या पार्लमेंटमधील प्रश्नोत्तरांतून बाहेर आला होता. तारखा मोजून पाहा. निकालापासून चौदा दिवस. मुंबईची टपालबोट लंडनला पोचायलाच साधारण तितके दिवस घेई. अर्थात ही हकीकत तारेवाचून तेथे जाणे शक्य नव्हते. साम्राज्याच्या तारेने साम्राज्याच्या सोयीसाठी नेलेली बातमी, आणि वाचणाऱ्याने तिच्यातून काढलेला अर्थ मात्र अगदी निराळा. ज्याला वाचता येते, त्याला परक्याच्या तारेतूनही आपले माणूस दिसते.

तार बंद केली म्हणजे काय होते, ते १९१९ मध्ये दिसले. १३ एप्रिलला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. पंजाबात लष्करी कायदा पुकारला गेला आणि बातम्यांवर पहारा बसला. मुंबईच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे इंग्रज संपादक बेंजामिन हॉर्निमन यांनी सरकारवर कडक टीका चालवली होती. त्यांना त्याच महिन्यात हद्दपार करून विलायतेस धाडण्यात आले. त्या हत्याकांडाचे खरे स्वरूप इंग्लंडमधील सामान्य वाचकापुढे आले ते डिसेंबरात, जनरल डायरने हंटर समितीपुढे स्वतःच्या तोंडाने दिलेल्या जबानीनंतर. १८५७ ला दीड महिना लागला होता. तार आल्यावर, समुद्री केबल आल्यावर, आठ महिने लागले! वेग यंत्रात असतो. त्याला परवानगी माणसे देतात.

पुढे अकरा वर्षांनी हाच पहारा फुटला, आणि तो कसा फुटला ते सविस्तर सांगितले पाहिजे. मे १९३० मध्ये गांधीजी अटकेत होते. २१ मे रोजी त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील सुरत जिल्ह्यात धारासणा येथील मिठागरावर सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच हजार स्वयंसेवक चालून गेले. रांगेने पुढे जायचे, लोखंडी टोकाच्या लाठ्या डोक्यावर झेलायच्या, हात वर करायचा नाही. एक रांग पडली की दुसरी निघायची. हे दृश्य डोळ्यांनी पाहणारा एक परदेशी बातमीदार तेथे होता : युनायटेड प्रेस या अमेरिकन संस्थेचा वेब मिलर. रेल्वेने डुंगरी स्टेशन गाठून तो पायी तेथवर पोचला होता. त्याने तात्पुरत्या इस्पितळात जाऊन जखमी माणसे मोजली : ३२०. दोघे मरण पावले होते. मुंबईहून त्याने तारा केल्या; पहिल्या तारा अडवल्या गेल्या. सेन्सॉरचाच बोभाटा जगभर करण्याचा इशारा त्याने दिला, तेव्हा मजकूर सुटला. त्याची हकीकत जगातील १,३५० वर्तमानपत्रांत छापली गेली आणि अमेरिकन सिनेटच्या दप्तरातही वाचून नोंदवली गेली.

एका माणसाची जबानी आणि तिच्या तेराशे पन्नास नकला! आरंभी आम्ही म्हटले ते हेच. पण येथे ती नक्कल सत्याच्या उपयोगी पडली. ती का पडली? युनायटेड प्रेस ही १९०७ मध्ये निघालेली संस्था रॉयटर-हावास यांच्या वाटणीत कधीच सामील नव्हती. ब्रिटिश साम्राज्य ही रॉयटरची हद्द, हा करार तिला बांधत नव्हता. पहिल्या महायुद्धात दक्षिण अमेरिकेतील पत्रांना हावासकडून जर्मन बाजूचे युद्धवृत्त मिळेना, तेव्हा त्यांनी याच संस्थेचे दार ठोठावले होते. गावात दुसरा दुकानदार आला की पहिल्याचे माप सुधारते. बातमीच्या बाजारातही तसेच. मात्र मिलरला श्रेय देताना एक विसरता कामा नये. त्याच्याजवळ लेखणी होती, पण बातमी त्या अडीच हजार माणसांनी घडवली होती. परकी नजर तेथे पोचेल, तोवर आपली रांग मोडू द्यायची नाही, एवढी शिस्त त्यांनी पाळली. आमच्या मते तारेची वाट ओळखून दिलेला असा लढा त्यापूर्वी क्वचितच झाला असेल.

याच काळात मुंबईत स्वामिनाथन सदानंद या माणसाने आपल्याच देशातून ही मक्तेदारी मोडण्याचा खटाटोप चालवला होता. देशातल्या बातम्या गोळा करणारी असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया ही संस्था रॉयटरच्या ताब्यात होती. सदानंदांनी 'फ्री प्रेस' ही स्वतंत्र वृत्तसंस्था काढली. १९३० मध्ये 'फ्री प्रेस जर्नल' काढले. त्याच घरातून मराठी 'नवशक्ति' निघाले. सरकारने जामिनकी जप्त केल्या, पैशाची ओढाताण झाली आणि ती वृत्तसंस्था बंद पडली. तरी तिने रुजवलेली कल्पना मेली नाही. २७ ऑगस्ट १९४७ रोजी मद्रासला प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाची नोंदणी झाली आणि १ फेब्रुवारी १९४९ पासून तिने काम हाती घेतले. ही संस्था वर्तमानपत्रांच्या मालकीची आहे, अमेरिकेतील असोसिएटेड प्रेसही तशीच. सहकार हा शब्द आम्हांला प्रिय आहे. पण येथे सभासद आहेत ते पत्रांचे मालक. जुळारी, छपाईवाले आणि बातमीदार त्या सहकारात बसत नाहीत, हेही नमूद करून ठेवतो.

देश स्वतंत्र झाले, तरी बातमीच्या वाटा जुन्याच राहिल्या. म्हणून १९७५-७६ मध्ये अलिप्त राष्ट्रांनी आपल्या वृत्तसंस्थांचा एक संघ उभारला. जुलै १९७६ मध्ये दिल्लीस त्याची परिषद भरली. पुढे युनेस्कोने शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, त्यात आपल्याकडचे बी. जी. वर्गीस होते. १९८० मध्ये त्याचा अहवाल आला. बातम्यांचा ओघ श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे एकाच दिशेने वाहतो, हे त्याने जगापुढे मांडले. बड्या राष्ट्रांना ते रुचले नाही. १९८४ च्या अखेरीस अमेरिका आणि १९८५ मध्ये ब्रिटन युनेस्कोतून बाहेर पडले. पण अलिप्त राष्ट्रांच्या संघाचे पुढे तेज उरले नाही, याचे खापर केवळ बड्या राष्ट्रांवर फोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यातल्या पुष्कळ संस्था सरकारी होत्या. मंत्र्यांचे दौरे आणि उद्घाटने यांच्या बातम्या त्या एकमेकींना पाठवत. आपल्याकडेही फेब्रुवारी १९७६ मध्ये, आणीबाणीत, चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था केली होती. १९७८ मध्ये ती मोडून पुन्हा चार झाल्या. व्यापाऱ्याच्या खिडकीऐवजी मंत्र्याची खिडकी आली म्हणून मजुराचे घर दिसू लागते, असे नाही.

अलीकडची एक घटना घेऊन आम्ही हा इतिहास पुरा करतो. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे 'राणा प्लाझा' ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद राहिली. वरच्या शिलाईच्या कारखान्यांतल्या बायाबापड्यांना मात्र कामावर बोलावून घेतले. १,१३४ माणसे मेली. ती बातमी काही तासांत जगभर गेली आणि कित्येक आठवडे जगभर राहिली. त्याआधी सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीत कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ढाक्याजवळच ताझरीन कारखान्यात शंभराहून अधिक कामगार जळून मेले होते. त्याही बातम्या गेल्या होत्या, पण कराराची वेळ त्यांनी आणली नाही. राणा प्लाझाने ती आणली. एक कारण मेलेल्यांच्या प्रचंड आकड्यात आहे. दुसरे कारण ढिगाऱ्यात होते. कामगार कार्यकर्त्यांनी त्या ढिगाऱ्यात हात घालून कपड्यांची लेबले आणि मागणीपत्रे वेचून काढली. युरोप-अमेरिकेतील दुकानांची नावे त्यांवर होती. 'आमचा संबंध नाही' असे म्हणण्याची सोय राहिली नाही. तेथल्या वाचकाने बातमी वाचली आणि आपल्या अंगातल्या सदऱ्याची कॉलर उलटून पाहिली.

मे २०१३ मध्ये जागतिक कामगार महासंघ आणि खरेदीदार कंपन्या यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेचा करार झाला. तो कायद्याने बंधनकारक होता. दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. नुकसानभरपाईचा तीन कोटी डॉलरांचा निधी पुरा व्हायला जून २०१५ उजाडले, तोवर वर्तमानपत्रे दुसऱ्या विषयांकडे वळली होती. बातमी ओसरल्यावरही ज्यांनी पाठपुरावा सोडला नाही, त्यांनी तो निधी पुरा करून घेतला.

आज रॉयटर, असोसिएटेड प्रेस आणि हावासच्या जागी १९४४ मध्ये आलेली एजन्स फ्रान्स प्रेस, या तिघांच्या मजकुरावर जगातील परदेशी बातम्यांचा मोठा भाग चालतो. हातातल्या फोनवर शंभर ठिकाणांहून बातमी येते असे वाटते; मूळ शोधत गेले तर बहुधा याच दोन-तीन विहिरींपाशी येऊन थांबावे लागते. या संस्थांना शिव्या द्याव्यात असे आमचे म्हणणे नाही. त्यांचे बातमीदार आपल्यासारखेच पगारी लोक आहेत आणि युद्धभूमीवर जीव गमावून त्यांनी पुष्कळ सत्य बाहेर आणले आहे. पण वाचताना तीन प्रश्न विचारायची सवय आपण लावून घ्यावी. हे कोणी डोळ्यांनी पाहिले? पाठवण्याचा खर्च कोणी केला? आणि ज्याच्यावर हे गुदरले, त्याचे एक तरी वाक्य यात आहे काय? संपाच्या बातमीत बुडालेल्या उत्पादनाचा आकडा असतो. बुडालेल्या पगाराचा आकडा शोधून पाहावा.

आणि जे आमच्याबरोबर चळवळीत आहेत, त्यांना एवढेच सांगणे की, तक्रार करून तारेची वाट बदलत नाही. लोखंड्यांनी सह्या जमवल्या, धारासणाच्या माणसांनी रांग मोडू दिली नाही, सावरच्या कार्यकर्त्यांनी लेबले जपून ठेवली. आपल्या कारखान्यात अपघात झाला तर त्याच दिवशी वेळ, पाळी, यंत्राचा क्रमांक, जखमींची नावे आणि मालावरचे लेबल एका वहीत लिहून ठेवावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. बातमीदार येईल न येईल. आला तर त्याच्या हातात द्यायला मूळ जबानी आपल्यापाशी असली पाहिजे. नकला काढायला जग बसलेलेच आहे.